व्हिनेगर चाचणीची कुळकथा

साहित्य मोजकंच लागतं. एक टेबल, एक प्रखर दिवा, योनिमार्ग उघडा धरणारं स्पेक्युलम, कापसाचे बोळे आणि त्याच दिवशी तयार केलेलं द्रावण. ९५ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ मिलिलिटर ग्लेशियल असेटिक ॲसिड घातलं की द्रावण झालं. चायनीजच्या गाडीवर मिरच्या ज्यात बुडवून ठेवतात, त्या व्हिनेगरमध्येही हेच ॲसिड असतं. बोळा त्यात भिजवून गर्भाशयाच्या तोंडावर लावायचा, घड्याळ बघत एक मिनिट थांबायचं आणि मग नीट निरखायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. जिथे पेशी बिघडायला लागल्या आहेत तिथे दाट, रेखीव कडांचा पांढरा चट्टा उमटतो. अशा पेशींमध्ये केंद्रकं मोठी असतात आणि दाटीने बसलेली असतात. ॲसिडमुळे त्यांतली प्रथिनं तात्पुरती साकळतात, प्रकाश आत न शिरता तिथूनच परततो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. साध्या सुजेनेही फिकट पांढुरकेपणा येतो, पण तो लगेच ओसरतो. बिघाडाचा चट्टा रेंगाळतो. हा फरक ओळखणं हेच शिकायचं कसब.

डॉक्टरी भाषेत हिला व्हीआयए म्हणतात, बोलताना व्हिनेगर चाचणी. तिला प्रयोगशाळा लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही, वीज गेली तर चांगली बॅटरीही चालते. इतकी साधी गोष्ट कुणाला तरी एका दिवसात सुचली असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती सुचायला पन्नासेक वर्षं गेली आणि ती खरोखर जीव वाचवते हे सिद्ध व्हायला आणखी तीस. त्यातला निर्णायक टप्पा मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये पार पडला.

कॅन्सर नुसत्या नजरेने पकडायची परंपरा मुंबईत त्याआधीची आहे, आणि तिची सुरुवात त्वचेपासून होते. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या रोजच्या सवयींशी नातं असलेले तीन नवे कॅन्सर त्यात नोंदवले होते. त्यांतला एक कमरेवरचा. वर्षानुवर्षं धोतर एकाच जागी घट्ट आवळून नेसलं की तिथे घाम आणि मळ साचतो, कापड घासत राहतं, कातडीचा रंग उडतो, ती जाड होते, चिरते, आणि क्वचित कुणाच्या बाबतीत तिथली जखम भरतच नाही. या ‘धोतर-कॅन्सर’च्या मागोमाग पुढे साडीचा, म्हणजे खरं तर परकराच्या नाडीचा कॅन्सरही नोंदवला गेला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये अशा दोन वयस्कर स्त्रियांची हकिगत दिली. त्यांतली एक परकराशिवाय कमरेला घट्ट लुगडं नेसणारी होती. उपाय साधा आहे: नाडी सैल बांधा, जागा बदलत राहा, आणि कमरेवरची जखम महिना उलटूनही बरी होत नसेल तर दाखवा.

गर्भाशयाच्या तोंडाशी कमरेवरच्या या कॅन्सरचं नातं पेशींचं आहे. त्वचेच्या वरच्या थरात असतात तशाच चपट्या, एकावर एक रचलेल्या पेशींचं अस्तर गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावर असतं. तिथले बहुतेक कॅन्सर याच जातीच्या पेशींचे असतात, कमरेवरच्या त्या कॅन्सरसारखेच. ते पृष्ठभागावर सुरू होतात आणि दहा-दहा वर्षं वरच्यावरच राहतात. म्हणजे बघणाऱ्याला भरपूर वेळ मिळतो. अडचण एवढीच की कंबर समोर दिसते, ही जागा दिसत नाही.

ती दिसावी म्हणून धडपडणारा पहिला माणूस जर्मनीतला हान्स हिन्सेलमन. १९२५ मध्ये त्याने दुर्बिणीसारखं एक भिंग स्टँडवर बसवलं, सोबत दिवा जोडला आणि त्याला कोल्पोस्कोप असं नाव दिलं. गर्भाशयमुखावर चिकट स्राव असतो. तो पुसायला त्याने सौम्य असेटिक ॲसिड वापरायला सुरुवात केली. स्राव तर निघालाच, शिवाय काही जागा पांढऱ्या पडतात हेही ध्यानात आलं. आपल्या चाचणीचा जन्म हा असा, साफसफाईच्या कामातून. त्याच सुमारास व्हिएन्नात वॉल्टर शिलर आयोडीन लावून बघत होता. निरोगी पेशींत साखरेचा साठा असतो म्हणून त्या आयोडीनने गडद तपकिरी होतात, बिघडलेल्या पेशी पिवळट राहतात. पण दोघांच्या लेखी ही रसायनं म्हणजे भिंगाखाली बघण्याआधीची तयारी होती.

या घराण्यावर एक काळी सावलीही आहे. दुसऱ्या महायुद्धात आउश्वित्झच्या छळछावणीत ज्यू स्त्रियांवर कोल्पोस्कोपीचे प्रयोग झाले आणि त्यांच्या शरीरातले नमुने तपासायला हिन्सेलमनकडे जात होते. रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल १९४६ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. हतबल स्त्रियांच्या शरीरातून मिळवलेलं ज्ञान, हा प्रश्न या शाखेत पुढेही पुन्हा उभा राहिला. त्याकडे येऊच.

जगाने मात्र वाट धरली ती न्यूयॉर्कमधल्या जॉर्ज पापानिकोलाऊची. गर्भाशयमुखावरून खरवडलेल्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउटसोबत त्याचा निबंध आला आणि ‘पॅप स्मिअर’ घरोघरी पोचली. घरोघरी म्हणजे अमेरिकेत आणि युरोपात. जिथे ती नेटाने, ठरावीक वर्षांनी, सर्व स्त्रियांची केली गेली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू झपाट्याने घटले.

इथे ते का जमलं नाही, हे विक्रोळीत उभं राहून बघितलं की कळतं. समजा, तिथल्या पार्कसाइटच्या चढावर राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी एखादी बाई आहे. तिला काहीही होत नाहीये. अंगावरून जात नाही, दुखत नाही. तिने एक खाडा करून तपासणीला यायचं. नमुना घेणार, काचपट्टी प्रयोगशाळेत जाणार, रंगवणार, ती वाचायला तयार नजरेचा माणूस हवा, आणि अशी माणसं मोजकीच. मग ‘रिपोर्टला पुढच्या आठवड्यात या’. दुसरा खाडा. रिपोर्टमध्ये काही निघालं तर कोल्पोस्कोपी, तुकडा काढणं, परळपर्यंतची वारी. विक्रोळीला फास्ट गाडी थांबत नाही. स्लो लोकलने घाटकोपर, कुर्ला, दादर करत जायचं. तिसरा, चौथा खाडा. प्रत्येक खेपेला काही बायका गळतात, आणि शेवटी उरतात त्या बहुधा आधीच दुखणं सुरू झालेल्या. मुंबईत हे आकड्यांत दिसत होतं, कारण देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये इथेच, इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू केली होती. कॅन्सर किती हे माहीत होतं. तो लवकर पकडायचा कसा, हे अडलं होतं.

वाट फुटली ती एका वजाबाकीतून. १९८२ मध्ये ओत्ताविआनो आणि ला तोर्रे या दोघा इटालियन डॉक्टरांनी २,४०० स्त्रियांच्या गर्भाशयमुखावर ॲसिड लावून आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि मग भिंगातून. भिंगातून दिसलेले संशयास्पद चट्टे जवळजवळ सगळेच डोळ्यांनाही दिसले होते. म्हणजे पूर्वतयारी ठेवा, यंत्र काढून टाका, काम भागतं. नव्वदच्या दशकात झिंबाब्वेत आणि केरळात या कल्पनेच्या चाचण्या झाल्या. पण चट्टा दिसणं वेगळं आणि त्यामुळे मरण टळणं वेगळं.

ते तपासायला टाटा मेमोरियलमधल्या प्रतिबंधात्मक विभागाने, डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली, १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतले २० विभाग निवडले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागांची वाटणी झाली: १० विभागांतल्या ७५,३६० स्त्रियांची दर दोन वर्षांनी अशी चार वेळा चाचणी, आणि उरलेल्या १० विभागांतल्या ७६,१७८ स्त्रियांना सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती. चाचणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका होत्या, साधारण महिनाभराचं प्रशिक्षण घेतलेल्या. त्याच समजावून सांगत, त्याच तपासत.

बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निकाल आला. २०१३ च्या जूनमध्ये शिकागोच्या कॅन्सर परिषदेत डॉ. शास्त्री यांनी तो मांडला: तपासणी झालेल्या विभागांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. दोन्हीकडे कॅन्सर होण्याचं प्रमाण मात्र जवळपास सारखंच होतं. म्हणजे चाचणीने कॅन्सर थांबवला नाही. वेळेत पकडून दिला. भारतभर ती झाली तर वर्षाला २२,००० मृत्यू टळतील, असा अंदाज तेव्हा बांधला गेला.

याच काळात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने, टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या साथीने, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरी मोठी चाचणी केली. डॉ. भगवान नेने तिच्या प्रमुख कर्त्यांपैकी. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गावसमूह आणि चार गट: एकाला व्हिनेगर, एकाला पॅप, एकाला या कॅन्सरच्या मुळाशी असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, एकाला काहीच नाही. प्रत्येक तपासणी एकदाच. २००९ मध्ये निकाल छापला गेला तेव्हा एचपीव्ही गटातले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. एकदाच केलेल्या व्हिनेगर चाचणीने मात्र ठोस फरक पडला नव्हता. मुंबई आणि उस्मानाबादचे निकाल शेजारी ठेवले की व्हिनेगरची मर्यादा आणि ताकद दोन्ही कळतात. नजर एका खेपेला चुकते. वारंवार बघितलं तर सापडतं.

आणि तो जुना प्रश्न इथे परत येतो. ‘काहीच नाही’ गटातल्या बायकांचं काय? मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडिगुल या तीन चाचण्यांमध्ये तपासणी न झालेल्या किमान २५४ स्त्रिया या कॅन्सरने दगावल्या. पॅपने मृत्यू घटतात हे ठाऊक असताना त्यांना वगळलं कसं, असा आक्षेप अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एरिक सुबा यांनी लावून धरला. संशोधकांचं म्हणणं असं की त्या वस्त्यांमध्ये तेव्हा कुठलीच तपासणी होत नव्हती, म्हणून तुलना प्रत्यक्षातल्या परिस्थितीशी केली. आउश्वित्झशी याची बरोबरी कुणी करू नये. पण त्या २५४ जणींची नोंद या कुळकथेत राहायलाच हवी. निष्कर्षाचा अर्धा भाग त्यांच्यावर उभा आहे.

त्यानंतर घटना भराभर घडल्या. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगर चाचणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीविरोधी लस बाजारात आली. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते. तिचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकते. विषाणू सापडला की पुढचे उपचार ठरवायला मात्र अनेक ठिकाणी पुन्हा ॲसिडचा बोळाच लागतो. स्वतंत्र झालेली चाचणी अशी पुन्हा मदतनीस होते आहे, आणि त्यात वाईट काहीच नाही.

वाईट आहे ते दुसरंच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या फक्त १.९ टक्के. मुंबईच्या त्या चाचणीत तपासायला आलेल्यांचं प्रमाण होतं ८९ टक्के. ॲसिड तेच, मिनिट तेच. तिथे दाराशी येऊन, ओळख करून घेऊन, नाही म्हटलं तर पुन्हा येणारी एक ताई होती, आणि दोन वर्षांनी ती परत येणार हे ठरलेलं होतं. सरकारी तत्त्वांमध्ये व्हिनेगर आलं. ताईच्या वाट्याला मात्र आधीच्या दहा कामांवर हे अकरावं काम आलं. दीड लाख बायकांनी बारा वर्षं मिळून सिद्ध केलं ते बाटलीतल्या द्रावणाबद्दल तर होतंच, पण त्याहून जास्त त्या फेरीबद्दल होतं. उद्या व्हिनेगरच्या जागी एचपीव्हीची किट येईल. पार्कसाइटचा चढ चढून ती कोण नेणार, नेणारीला पगार कोण देणार आणि ती पुन्हा कधी येणार, हे आधी ठरवलं नाही, तर आकडा दोनाच्या पुढे फारसा सरकणार नाही.