३५ चा आकडा: विम्याच्या फॉर्ममागची गोष्ट

आजचा एपिसोड एका पत्रापासून सुरू होतो.

माझी मामी शहाद्याला राहते. नऊ वर्षांपासून मधुमेह, इन्सुलिन चालू, तरी साखर आटोक्यात येत नव्हती. सुरतच्या डॉक्टरांनी वजन कमी करायची सर्जरी सुचवली. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मोठं दुखणं निघालं की बरेच जण पुण्या-मुंबईआधी सुरतची गाडी पकडतात. कॅशलेससाठी कागद गेले आणि विमा कंपनीकडून क्वेरी आली: बीएमआय ३५.८ लिहिलाय, पण चार महिन्यांपूर्वीच्या कागदावर ३४.९६ आहे, खुलासा करा.

मामीने पत्र माझ्यापुढे धरलं. "हाई काय शे रे भाऊ?"

हिशोब साधा होता. उंची १५५ सेंटीमीटर, आताचं वजन ८६ किलो. मधे तिने भात-साखर बंद करून दोन किलो उतरवले, तेव्हा ८४. मग ते दोन किलो परत आले. त्या दोन किलोंवर लाखोंचं बिल अडकलं होतं, कारण रेषा ३५ वर होती. ही रेषा आखली कुणी, हे मी शोधायला बसलो.

सुरुवात डॉक्टरांपासून होत नाही. बेल्जियमचे अॅडॉल्फ केटले हे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधताना १८३० च्या दशकात त्यांनी वजन आणि उंचीच्या वर्गाचं नातं मांडलं. आजारी माणूस त्यांच्या डोक्यातही नव्हता. पुढे अमेरिकेत वजनाची मोजदाद उचलली ती आयुर्विमा कंपन्यांनी. कोणता ग्राहक लवकर मरेल, म्हणजे कुणाकडून हप्ता जास्त घ्यायचा, हे त्यांना हवं होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४० च्या दशकात वजनाचे तक्ते काढले आणि ते दवाखान्यांच्या भिंतींवर पोचले. १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी केटलेंच्या सूत्राला नाव दिलं: बॉडी मास इंडेक्स.

सर्जरी तोवर आली होती. पोटाचा बायपास १९६० च्या दशकात आयोवात एडवर्ड मेसन यांनी सुरू केला. मग प्रश्न पडला, ही कुणावर करायची? १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ बसवले. त्यांनी ठरवलं: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार. मामीच्या पत्रातला ३५ तो हाच.

आपल्याकडे १९८६ ला सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणलं. पण लठ्ठपणावरचा उपचार कितीतरी वर्षं बहुतेक पॉलिसींच्या 'मिळणार नाही' यादीत असायचा. २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने अशा याद्या एकसारख्या केल्या. लठ्ठपणाच्या सर्जरीचं कलम आलं, कोड ०६. त्यानुसार डॉक्टरांचा सल्ला हवा, वय किमान १८, बीएमआय ४० किंवा जास्त. नाहीतर ३५ किंवा जास्त, आणि सोबत हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. शिवाय साधे उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत. बंद दार किलकिलं झालं, पण चौकट १९९१ चीच राहिली.

आणि ती चौकट आपल्या अंगाला बसते का? २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो आला. एकीकडे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरीकडे ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२! तोच आकडा आपल्या शरीरात जास्त चरबी लपवतो. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी सर्जरीसाठी ३७.५ आणि आजार असल्यास ३२.५ सुचवलं. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनीही रेषा खाली आणली. कोड ०६ मध्ये मात्र ४० आणि ३५ च छापलं गेलं होतं.

आता मामीकडे येऊ. गंमत बघा: साधे उपाय करा म्हणणारा नियमच, ते केले म्हणून तिला रेषेखाली ढकलत होता. आम्ही डॉक्टरांना विनंती केली. त्यांनी पत्रात तारखांसकट लिहिलं की ८४ किलो हा डाएटमधला आकडा आहे आणि वजन परत चढलं, म्हणजे साधा उपाय फसल्याचा पुरावाच आहे. सोबत तीन वर्षांचे एचबीए१सी रिपोर्ट आणि आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या जोडल्या. मंजुरी आली.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर वजनाचा प्रत्येक कागद तारखेसकट जपा, चिठ्ठ्या फेकू नका. नकार आला तर तो लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल आहेत, पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. फक्त एक वर्षाच्या आत जा.

मामी आता शहाद्यात रोज संध्याकाळी फिरायला जाते. वजन विचारलं की म्हणते, "काट्यावर नंतर, आधी चहा घे." बिनसाखरेचा!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.