आधी विमान, मग रस्ता: पापुआ न्यू गिनीची उलटी गोष्ट

आज एका सोप्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करूया. एखाद्या प्रदेशात आधी काय येतं? पायवाट, मग बैलगाडी, मग रस्ता, मग मोटार आणि सगळ्यात शेवटी विमान. आपल्या डोक्यात हाच क्रम पक्का बसलेला असतो, बरोबर ना? पापुआ न्यू गिनीत हा क्रम उलटा झाला. तिथल्या डोंगरांतल्या हजारो लोकांनी चाक बघायच्या आधी विमान बघितलं. आपल्याकडे कसं, कित्येक घरांत लँडलाइन कधी आलाच नाही, थेट मोबाइल आला. तसंच काहीसं.

मॅपवर ऑस्ट्रेलियाच्या वर एक मोठं बेट दिसेल, न्यू गिनी. त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणजे हा देश. किनाऱ्यावर दलदल आणि घनदाट जंगल, मध्ये चार हजार मीटरच्याही वर जाणारे डोंगर, आणि धो धो पाऊस. इथे 800 पेक्षा जास्त भाषा बोलल्या जातात. एका दरीतून पलीकडच्या दरीत जाणं किती अवघड होतं, याचा अंदाज त्यावरूनही येतो.

आता 1926 मध्ये येऊ. वाऊ गावाजवळच्या एडी क्रीक ओढ्यात भरपूर सोनं सापडलं. किनाऱ्यावरच्या सालामाऊआपासून हे ठिकाण सरळ रेषेत जेमतेम पन्नासेक किलोमीटर. पण चालत जायला आठवडाभर लागायचा! सगळं सामान स्थानिक हमालांच्या पाठीवर. इथे एक साधा हिशेब करू. एक हमाल वीस-बावीस किलो उचलणार. दिवसाला पाऊण किलो धान्य धरलं, तर जाता-येता दहा-बारा किलो तो स्वतःच खाणार. म्हणजे निम्मं ओझं रस्त्यातच संपलं! वर थंडी, आजारपण, अपघात. खाणवाल्यांना सोनं मिळत होतं, पण त्याची खरी किंमत हे हमाल मोजत होते.

यातून मार्ग निघाला तो आकाशातून. 1927 मध्ये मस्टर नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने लाएहून वाऊला छोटं विमान नेलं. आठवड्याची पायपीट तासाभरावर आली. ज्या कंपनीसाठी तो उडत होता, तिची पुढे गिनी एअरवेज झाली.

खरी कमाल पुढे आहे. बुलोलो नदीच्या पात्रातलं सोनं काढायला ड्रेजर हवे होते. ड्रेजर म्हणजे नदीचा गाळ उपसणारं, इमारतीएवढं मोठं तरंगतं यंत्र. रस्ता तर नाही, मग हे न्यायचं कसं? त्यांनी जर्मनीतून युंकर्स जी-31 ही तीन इंजिनांची विमानं आणली. विमानाच्या पाठीला मोठी झडप ठेवली, म्हणजे क्रेनने वरूनच माल आत सोडता येईल. ड्रेजरचे सुटे भाग, एकेक तीन टनांच्या घरातले, असे फेऱ्या मारमारून वर नेले आणि तिथे जोडले. पहिला ड्रेजर मार्च 1932 मध्ये सुरू झाला. दशक संपेपर्यंत असे आठ ड्रेजर चालू होते. गुरं, घोडेसुद्धा विमानाने गेले!

पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, सोनं शोधणाऱ्या मायकेल लेही याने विमानातून वाघी खोरं बघितलं. बाहेरच्या जगाला वाटत होतं, तिथे नुसते डोंगर आहेत. खाली दिसली आखीव शेतं आणि घरंच घरं! या उंच प्रदेशात लाखो लोक राहत होते आणि हजारो वर्षं शेती करत होते. मग लेही मंडळी चालत तिथे पोचली आणि विमान उतरवायला जमीन हवी म्हणून गावकऱ्यांना गोळा केलं. शेकडो लोकांनी हातात हात घालून, गात, नाचत माती पायांनी दाबून घट्ट केली. तोक पिसिन भाषेत विमानाला 'बालुस' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ कबूतर.

इथपर्यंत गोष्ट भारी वाटते. पण मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. विमान सोन्यासाठी आलं होतं, लोकांसाठी नाही. 1942 मध्ये जपानी हल्ल्यांनी लाए, सालामाऊआ आणि बुलोलोच्या धावपट्ट्यांवरची विमानं नष्ट केली आणि सगळी मदार पुन्हा माणसांच्या पाठीवर आली. कोकोडाच्या 96 किलोमीटरच्या पायवाटेवर स्थानिक माणसांनी ऑस्ट्रेलियन जखमींना स्ट्रेचरवरून वाहून आणलं. त्यांतले बरेचसे सक्तीने भरती केलेले होते. 1943 मध्ये सैन्याने बुलडॉग ते वाऊ असा शंभरेक किलोमीटरचा रस्ताही खणला, त्यातही हजारो स्थानिक मजूर राबले. युद्ध पुढे सरकलं, गरज संपली, आणि तो रस्ता जंगलाने गिळला.

म्हणजे डोंगर आडवे होते हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. गरज कंपनीला किंवा सैन्याला असली, की वाट निघत होती. गावाला असली, तर चालायचं! 1975 मध्ये देश स्वतंत्र झाला. लाएहून डोंगराळ भागात जाणारा हायलँड्स हायवे आहे, पण राजधानी पोर्ट मोर्सबीहून लाएला जाणारा सलग महामार्ग आजही नाही. जायचं तर विमानाने, नाहीतर समुद्रातून.

आजही अनेक दुर्गम गावांचा आधार म्हणजे उतारावरची गवताळ धावपट्टी. विमान चढावर उतरतं आणि उतारावरून उडतं. गवत कापायचं काम गावकऱ्यांचं. पट्टी बंद पडली की औषधं येत नाहीत, कॉफी विकायला जात नाही आणि अडलेल्या बाईला झोळीत घालून, नद्या ओलांडत, दिवस-दिवस चालावं लागतं. सोन्याला 1927 मध्ये मिळालेला तासाभराचा प्रवास तिला अजून मिळालेला नाही.

तुमच्या ओळखीचा एखादा घाटरस्ता किंवा रेल्वेमार्ग असेल, तर तो मुळात कशासाठी बांधला होता, हे जरा शोधून बघा. माल न्यायला, फौज न्यायला की माणसं न्यायला? सापडलं की आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!