अस्वलाचे कान

फुलझाडाला ‘अस्वलाचे कान’ म्हणणाऱ्या माणसांना सौंदर्यदृष्टी असेल, असे आम्हां बी.कॉम. झालेल्यांनाही वाटणार नाही. पण आल्प्स पर्वताच्या कपारीत वाढणाऱ्या या वीतभर झाडाची पाने खरोखरच जाड, कानासारखी. म्हणून लॅटिन नाव ऑरिक्युला, म्हणजे छोटा कान. सोळाव्या शतकात व्हिएन्नाच्या दरबारातल्या क्लुसियस नावाच्या वनस्पतिपंडिताने ते बागेत आणले. १५९७ साली जेरार्डच्या इंग्रजी ग्रंथातही ते जाऊन बसले.

इथवर मामला सरदारी. पुढे मात्र त्याचा लळा लागला तो लँकेशायरच्या विणकरांना. ज्या मुलखातल्या कापडाची आपल्याकडे होळी झाली, तिथलेच हे कोष्टी! गावच्या गुत्त्यात प्रदर्शन भरे, आणि पहिले बक्षीस तांब्याची किटली. पण त्या किटलीपायी नियम काय कडक! मधली नळी पिवळी, भोवती पांढरे कडे, मग गडद रंग, मग हिरवी किंवा करडी कड. नळीच्या तोंडाशी पुंकेसर दिसले तर ठीक. टाचणीच्या डोक्यासारखा स्त्रीकेसर डोकावला की फूल बाद. मग ते रंभेसारखे का असेना! आमच्याकडे इन्स्पेक्शनला येणारे साहेबसुद्धा व्हाउचर इतके निरखून बघत नाहीत.

त्यात या फुलापानांवर पिठासारखी पांढरी भुकटी. एक सर आली की शोभा गेली, आणि लँकेशायरात पावसाला तोटा नाही. पण विणकराचा माग घरातच. आभाळ भरले की उठायचे, कुंड्या आत घ्यायच्या, परत मागावर बसायचे. हाफ-डेचा अर्ज नको की साहेबाची सही नको. हे फूल वाढले ते खतापाण्यापेक्षा या मोकळीकीवर, असे माझे कारकुनी मत आहे.

मग वाफेचे माग आले. १८२० च्या दशकात ब्रिटनमध्ये सुती हातमागवाले अंदाजे अडीच लाख होते. १८५० मध्ये पन्नास हजारही उरले नाहीत. मजुरी तर त्याआधीच घसरलेली. गिरणीचा भोंगा झाला की माणूस आत, मग बाहेर गारा पडोत नाहीतर आकाश. कुंडी कोण उचलणार? बायकापोरेही गिरणीतच.

१८७० च्या दशकात हौशी मंडळींनी या फुलासाठी राष्ट्रीय संस्था काढली. त्यांत पाद्रीबुवाही होते. त्यांना भोंगा नव्हता. विणकरांचे नियम मात्र त्यांनी जसेच्या तसे उचलले. टाचणीचे डोके दिसले की फूल आजही बाद.