दोन वह्यांचा मेळ आणि ठरलेली वेळ

आजच्या एखाद्या मध्यम प्रतीच्या कारखान्यांत विक्रीचा हिशेब एका संगणक-प्रणालींत असतो, कोठारांतील मालाचा दुसरींत आणि जमाखर्चाचा तिसरींत. या तिन्ही निरनिराळ्या कंपन्यांनीं निरनिराळ्या काळीं बनविलेल्या. एकीची भाषा दुसरीस कळत नाहीं. म्हणून रात्रीं नेमलेल्या वेळीं एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो, पहिलींतील दिवसभराच्या नोंदी उचलतो, दुसरीस समजतील अशा रूपांत त्या मांडतो आणि तेथें नेऊन ठेवतो. सकाळीं कारकून कचेरींत येतो तेव्हां वह्या जुळलेल्या असतात. निदान तशी अपेक्षा असते. ही युक्ति संगणकाबरोबरच जन्मास आली असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तिचीं सर्व प्रमुख अंगें त्यापूर्वी शंभर वर्षें इंग्लंडमधील आगगाड्यांच्या कंपन्यांनीं सिद्ध केलीं होतीं, आणि तीं सिद्ध करतांना ज्या अडचणी त्यांच्यापुढें उभ्या राहिल्या त्याच आजहि उभ्या राहतात.

मूळ कल्पना मात्र आगगाडीवाल्यांचीहि नव्हे. ती सराफी पेढ्यांची. अठराव्या शतकांत लंडनच्या प्रत्येक पेढीचा एक फिरता कारकून रोज इतर पेढ्यांचे दरवाजे हिंडून चेकांचे पैसे गोळा करीत असे. सुमारें १७७० नंतरच्या दशकांत या कारकुनांनीं लोंबार्ड स्ट्रीट भागांत ठरलेल्या वेळीं एकत्र जमून आपापसांत चेक बदलण्याचा आणि केवळ फरकाची रक्कम रोख देण्याचा परिपाठ सुरू केला. हा शोध मालकांनीं लावला नाहीं, पायपिटीस कंटाळलेल्या नोकरांनीं लावला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें या व्यवहारास ‘क्लिअरिंग हाउस’ असें नांव पडलें. गणनयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज यानें १८३२ सालच्या आपल्या यंत्रविषयक अर्थशास्त्राच्या ग्रंथांत या खोलीचें मोठ्या कौतुकानें वर्णन केलें आहे. यंत्राची गति माणसांच्या एका मेळाव्यास कशी आली, याचें त्याला नवल वाटलें असावें.

आगगाड्यांचा प्रश्न याहून बिकट होता. १८४० च्या सुमारास इंग्लंडांत लोहमार्ग झपाट्यानें वाढत होते, पण प्रत्येक तुकड्याचा मालक निराळा. लंडनहून यॉर्कच्या बाजूस निघालेला माल रग्बी येथें एका कंपनीच्या हद्दींतून दुसरीच्या हद्दींत जाई, डर्बीस तिसरीच्या, आणि पुढें चौथीच्या. प्रत्येक हद्दीवर माल उतरवावा, नवी पावती करावी आणि पुन्हां भरावा, तर व्यापारी कंटाळून कालव्याच्या नावांकडे परत जाणार. बरें, एकच वाघीण शेवटपर्यंत जाऊं द्यावी, तर भाडें घेतलें एका कंपनीनें, वाघीण दुसरीची, मार्ग तिसरीचा आणि मालावर घातलेली ताडपत्री कदाचित् चौथीची. कोणी कोणास किती द्यावयाचें?

लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेचा अध्यक्ष जॉर्ज कार ग्लिन हा स्वतः सराफी पेढीचा भागीदार होता. लोंबार्ड स्ट्रीटवरील पद्धति त्याच्या नित्य परिचयाची. त्याच कंपनीचा हिशेबतपासनीस केनेथ मॉरिसन यानें ती पद्धति लोहमार्गास लावण्याची योजना आंखली, आणि २ जानेवारी १८४२ रोजीं यूस्टन स्टेशनासमोर मोजक्या कारकुनांनिशीं ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ सुरू झालें.

त्याची कार्यपद्धति बारकाईनें पाहण्याजोगी आहे. माल जेथून निघे तें स्टेशन एक तक्ता लंडनला पाठवी, आणि माल जेथें पोंचे तें स्टेशन दुसरा. क्लिअरिंग हाउसांत दोन्ही तक्ते शेजारीं मांडून ओळीस ओळ ताडून पाहत. जुळलें तर हिशेब पुढें सरके. न जुळलें तर दोन्ही स्टेशनांस पत्रें जात. परंतु मॉरिसनचा खरा धूर्तपणा पुढेंच आहे. दोन्ही बाजूंचे तक्ते त्या त्या कंपनीच्या नोकरांनीं केलेले. त्यांत चूक असेल, लबाडीहि असेल. म्हणून कंपन्यांचे मार्ग जेथें मिळत त्या प्रत्येक जंक्शनावर क्लिअरिंग हाउसानें आपला स्वतःचा माणूस नेमला. ऊन असो, पाऊस असो, हातांत वही घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाघिणीचा व ताडपत्रीचा क्रमांक टिपावयाचा, एवढेंच त्याचें काम. दिसावयास क्षुद्र, पण हलत्या गाड्यांच्या आसपास वावरावयाचें म्हणजे जोखमीचें. हा तिसरा साक्षीदार कोणत्याहि कंपनीचा मिंधा नव्हता, आणि त्याच्या वहीवरच वाघिणीच्या वापराचें दर मैलामागचें भाडें आणि ती अडकवून ठेवल्याचा दंड आकारला जाई. मालाच्या भाड्यांतून प्रथम दोन टोंकांच्या स्टेशनांचा हाताळणीचा खर्च वजा करीत. उरलेली रक्कम ज्याच्या त्याच्या मैलांच्या प्रमाणांत वांटली जाई.

लवकरच असें दिसून आलें कीं, तक्ते वेळेवर आले तरी ते एका भाषेंत असतीलच असें नाहीं. एका स्टेशनावर ज्याला ‘लोखंडी सामान’ म्हणत, त्याच गोष्टीला दुसरीकडे ‘यंत्रसामग्री’ म्हणत. दर मात्र दोहोंचे निराळे. तेव्हां सर्व कंपन्यांस बंधनकारक असें मालाचें एक सामाईक वर्गीकरण करावें लागलें आणि तें वर्षानुवर्षें वाढत गेलें. आज दोन प्रणाल्या जोडणाऱ्या तंत्रज्ञाचे बहुतेक दिवस याच कामांत जातात. तार जोडणें सोपें. ‘ग्राहक’ या शब्दानें विक्रीखातें काय समजतें आणि वसुलीखातें काय समजतें, याचा निवाडा करणें कठीण.

दुसरी अडचण घड्याळाची. ब्रिस्टॉलची स्थानिक वेळ लंडनच्या दहा मिनिटें मागें असे. प्रत्येक गांव आपल्या सूर्याप्रमाणें चाललें तर वेळापत्रक काय आणि दिवसाचा हिशेब कोठें तोडावयाचा काय, सर्वच संदिग्ध. १८४७ सालीं क्लिअरिंग हाउसानें सर्व कंपन्यांस ग्रीनिचची वेळ स्वीकारण्याची शिफारस केली आणि बहुतेकांनीं ती मानली. कायद्यानें तीच वेळ इंग्लंडावर लागू व्हावयास १८८० साल उजाडलें. आपल्याकडे या गोष्टीचा अनुभव मुंबईकरांनीं पुरेपूर घेतला आहे. आगगाड्या मद्रासच्या वेळेनें धांवत आणि शहर मुंबईच्या वेळेनें चाले. दोहोंत सुमारें अर्ध्या तासाचें अंतर. १९०६ सालीं हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली तरी मुंबई महापालिकेनें आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं.

हा प्रश्न मिटला असें मात्र नव्हे. यूनिक्स या संगणक-व्यवस्थेंत ‘क्रॉन’ नांवाचा एक पहारेकरी आहे. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींतील क्रॉन दर मिनिटाला जागा होऊन आपला तक्ता वाची आणि ज्या कामाची वेळ भरली असेल तें सुरू करून देई. त्याचे वंशज आजहि तेंच करतात. पण इंग्लंडांत शरद् ऋतूंत घड्याळें एक तास मागें घेतात, त्या रात्रीं दीड वाजण्याची वेळ दोनदां येते. वसंतांत ती मुळींच येत नाहीं. स्थानिक घड्याळावर दीडला लावलेलें काम एका रात्रीं दोनदां होऊं शकतें आणि एका रात्रीं होतच नाहीं. ग्राहकास तेंच बिल दोनदां गेलें म्हणजे घड्याळाची सबब कोण ऐकतो? म्हणून जाणते तंत्रज्ञ जागतिक प्रमाणवेळेचाच आधार घेतात, आणि प्रत्येक नोंदीला वाघिणीसारखा एकमेव क्रमांक देतात, म्हणजे तीच नोंद पुन्हां आली तर ओळखतां येते.

क्लिअरिंग हाउसाचा पसारा पुढें अफाट वाढला. १८५० च्या कायद्यानें थकलेली बाकी कोर्टांत दावा लावून वसूल करण्याचा अधिकार त्यास मिळाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें दोन हजारांहून अधिक माणसें काम करीत. १९४८ सालीं लोहमार्ग सरकारच्या ताब्यांत गेल्यावर ज्यांच्यांत हिशेब करावयाचा त्या कंपन्याच उरल्या नाहींत. १९६३ सालीं संस्था बंद झाली.

तेव्हां तिचा वारसा दुसरीकडे रुजत होता. १९४८-४९ मध्यें बर्लिनला विमानांनीं रसद पोंचवितांना एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकन अधिकाऱ्यानें टेलेक्स, बिनतारी वा टेलिफोन यांपैकीं कशानेंहि पाठवितां येईल असा मालयादीचा एकच नमुना ठरविला. व्यापारी कागदपत्रांची विद्युत् देवघेव तेथून वाढली आणि १९८७ सालीं तिचा ‘एडिफॅक्ट’ हा आंतरराष्ट्रीय नमुना मान्य झाला. पुन्हां तेंच सामाईक वर्गीकरण. ब्रिटिश बँकांनीं १९६८ सालीं चुंबकीय फितींवरून पगार व हप्ते यांची वळती सुरू केली. तिचें चक्र तीन दिवसांचें, कागद दाखल करण्याचा, हिशेबाचा आणि जमा होण्याचा.

भारतांत रिझर्व्ह बँकेनें नोव्हेंबर २००५ मध्यें ‘एनईएफटी’ ही व्यवस्था सुरू केली. तीहि घटकांच्या हिशेबानेंच चालते. १६ डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाच्या ४८ खेपा होतात. शाखेची ओळख अकरा अक्षरांच्या संकेतानें पटते: पहिलीं चार बँकेचीं, पांचवें शून्य, उरलेलीं सहा शाखेचीं. खेपेनंतर दोन तासांत रक्कम जमा झाली नाहीं तर बँकेस दंडव्याज द्यावें लागतें. एक उणीव मात्र मॉरिसनच्या नजरेंतून सुटली नसती. रक्कम केवळ खातेक्रमांक पाहून जमा होई. लिहिलेलें नांव जुळतें कीं नाहीं हें तपासण्याचें बंधन नव्हतें. एक अंक चुकला तर कोणाची तरी महिन्याची कमाई परक्याच्या खात्यांत जाई आणि ती परत मिळवितांना हेलपाटे घालावे लागत. पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचें नांव पाठविणाऱ्यास दिसावें, अशी सोय करण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंतची मुदत घालून दिली.