घोडनदीचे घोडे आणि ‘फामागुस्टा’ नावाचा रणगाडा

शिरूरला जुनी माणसं आजही घोडनदी म्हणतात. हे नाव नदीवरून आलं, घोड्यांवरून नाही. पण या गावाचा घोड्यांशी संबंध आहे आणि तो थेट एका रणगाड्यापर्यंत पोचतो. माझी पीएचडी पोलादाच्या गंजण्यावर आहे, त्यामुळे इतिहास सांगता सांगता मी गंजावर घसरणार, हे आधीच सांगून ठेवते!

जून १८१७ च्या पुणे तहानंतर पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर कंपनीने घोडदळ उभं केलं. तेव्हा शिरूरला कंपनीची छावणी होती. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. त्या पलटणीतल्या महार शिपायांची आठवण विजयस्तंभामुळे आपल्याला आहे. त्यांच्यासोबत २५०-३०० घोडेस्वारही होते, हे मात्र फारसं बोललं जात नाही. याच घोडदळाची पुढे ‘पूना हॉर्स’ रेजिमेंट झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घोडे गेले, यंत्रं आली. पूना हॉर्सला दोन परमवीर चक्रं मिळाली ती रणगाड्यांवर: १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. खेतरपाल जन्माने पुण्याचे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याला आग लागली. बाहेर पडायचा हुकूम आला, पण तोफ अजून चालते म्हणून त्यांनी तो मानला नाही. वय २१. दुसऱ्या दिवशी युद्ध थांबलं.

त्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव ‘फामागुस्टा’. युद्धानंतर तो दुरुस्त करण्यात आला आणि आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. म्हणजे शिरूरपासून जेमतेम ५०-५५ किलोमीटरवर.

आता ‘दुरुस्त केला’ म्हणजे नक्की काय, हे बघू. इथे माझा विषय सुरू होतो.

सेंच्युरियन म्हणजे सुमारे ५० टनांचं धूड. आत २७ लिटरचं, १२ सिलिंडरचं ‘मिटिऑर’ पेट्रोल इंजिन. हे रोल्स-रॉइसच्या ‘मर्लिन’ या विमानाच्या इंजिनावरून बेतलेलं. ॲव्हरेज विचारू नका! सुरुवातीच्या सेंच्युरियनला पक्क्या रस्त्यावर एका किलोमीटरला सुमारे ५ लिटर लागायचे. शिरूर ते नगर जायचं तर पावणेतीनशे लिटर. शिवाय ट्रॅक झिजतात आणि रस्ताही उखडतो. म्हणून रणगाडे लांब न्यायचे तर रेल्वेच्या सपाट वाघिणीवर. दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा. नगर त्याच मार्गावर असल्याने पुण्याकडून रेल्वेने तिथे जायचं तर वाट दौंडवरूनच.

असं यंत्र नुसतं उभं राहिलं की बिघडतं. पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो, तो कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजवतो. रबरी सील वाळून तडकतात. नगरची हवा कोरडी, ही जमेची बाजू. पण दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकामुळे बंद लोखंडी पेटीच्या आत दव धरतं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सांधे आतून फाकतात. म्हणून जुनं इंजिन एकदम स्टार्टर मारून चालू करत नाहीत. सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, ते मुरू द्यायचं, मग हाताने हळूहळू फिरवून बघायचं.

पण चालू करायचं तर पार्ट बदलावे लागतात, आणि खरा पेच इथे आहे. युद्धात मार खाल्लेल्या गाडीचं भोक बुजवलं, नवी पत्रे जोडली, झकास रंग मारला, की गाडी धावेल. पण तिच्यावर काय गुदरलं याचा पुरावा पुसला जाईल. आणि काहीच हात लावला नाही, तर गंज तो पुरावा खाईल.

माझं मत सांगू? ‘फामागुस्टा’सारखा एकमेव रणगाडा धावू नये. त्याचा गंज थांबवावा, खुणा जपाव्यात, बस. पण ज्या जातीचे अनेक रणगाडे उरलेत, त्यातला एखादा तरी चालता ठेवावा. कारण चालवणं हीसुद्धा जपायची गोष्ट आहे. सेंच्युरियनला स्टिअरिंगचं चाक नसतं, दोन लिव्हर असतात. गिअर जितका खालचा, तितकं वळण आखूड. न्यूट्रलमध्ये लिव्हर ओढला तर दोन ट्रॅक उलटसुलट फिरतात आणि गाडी जागच्या जागी गरकन वळते. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर दात खरखरतात. हे सगळं पुस्तकात लिहिता येतं, पण कधी बदलायचा ते कानाला कळतं.

आणि ते कान आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आर्मर्ड कोअरनेच १९९४ मध्ये उभारलेलं नगरचं रणगाडा संग्रहालय जरूर बघा. पण त्याआधी एक करा. शिरूर-दौंडकडे, तुमच्या भावकीत किंवा शेजारी कुणी रणगाड्याचे चालक म्हणून निवृत्त झाले असतील, तर मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून विचारा: ‘काका, चढावर गिअर कसा टाकायचात?’ लढाईच्या गोष्टी काय, ते आपणहून सांगतील. गिअरचं मात्र कुणी विचारत नाही.