मधलं घड्याळ

वाकून आत या. तंबूचं दार ठेंगणं आहे, ताठ मानेनं आत यायची इथे सोयच नाही. साल १९१०. जागा अमेरिकेच्या मोंटानातली, पीगन या अमेरिकन इंडियन जमातीची. हातातली पेटी जपून ठेवा, आत काचेच्या प्लेटा आहेत. एक फुटली की एक फोटो गेला. आज तुम्ही एडवर्ड कर्टिस नावाच्या फोटोग्राफरचे मदतनीस आहात. तो टोकदार दाढीवाला, कॅमेऱ्यामागे ओणवा झालेला, तोच.

दारासमोरची, आतल्या अंगाची जागा मानाची. तिथे बाप-लेक बसलेत: लिटल प्लूम आणि यलो किडनी. पुढ्यात तंबाखू कापायची फळी आणि चिलीम. वर बायसनच्या कातड्याची ढाल टांगलेली, गरुडाच्या पंखाचा पंखा, आणि पवित्र वस्तूंचं एक लांबट गाठोडं. आपल्याकडे देव्हाऱ्याला कुणी उगाच हात लावत नाही, तसं त्याच्याशी वागा.

आणि दोघांच्या मधोमध, खाली, एक घड्याळ.

तुम्ही दचकता. का? तुम्ही इथे पहिल्यांदाच आलात, तरी या तंबूत काय असावं आणि काय नसावं हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं, म्हणून ना? लहानपणी पाहिलेल्या सिनेमांतून ते आलं असेल. घड्याळाला मात्र या तंबूत काहीच वावगं वाटत नाही. जवळून रेल्वे जाऊ लागून दोन दशकं होत आली. मुलांना सरकारी शाळेत धाडलं जातं. बायसनचे कळप १८८० नंतरच्या काही वर्षांतच संपले, आणि १८८३-८४च्या हिवाळ्यात इथली शेकडो माणसं उपासमारीनं गेली. अडचणीपायी १८९५ साली यांनी डोंगराकडची जमीन सरकारला विकली. त्यातली बरीच जमीन धरून यंदाच, मे महिन्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. एवढं सगळं सोसून उरलेल्या घरात एक घड्याळ आहे. त्या घरानं ते लपवलेलं नाही, उलट मानाच्या जागी ठेवलंय.

"हलू नका." खट्. प्लेट झाली. घड्याळ काचेवर उतरलं.

आता पुढच्या वर्षात या. कर्टिसच्या 'द नॉर्थ अमेरिकन इंडियन' या ग्रंथमालेचा सहावा खंड, १९११. त्यातलं हेच चित्र बघा. बाप-लेक आहेत, चिलीम आहे, ढाल आहे. घड्याळ नाही. छपाईपूर्वी हात फिरवून ते पुसून टाकलंय.

चिडण्याआधी हिशेब मांडू. जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकारानं १९०६ साली या कामासाठी ७५,००० डॉलर कबूल केले. वीस खंड काढायचे होते, आणि पूर्ण संचाची किंमत सुरुवातीलाच तीन हजार डॉलरच्या घरात. एवढा पैसा मोजणाऱ्या वाचनालयाला किंवा श्रीमंताला काय हवं होतं? लयाला चाललेला, पिसांच्या मुकुटातला इंडियन. घड्याळात वेळ बघणारा इंडियन नको होता. तेव्हा ते घड्याळ एकट्या कर्टिसनं पुसलं असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाचंही बोट त्यात आहे.

तरी एक गोष्ट खटकतेच. १९०४ साली कर्टिसनं नवाहो घोडेस्वारांची एक रांग टिपली होती, आपल्याकडे पाठ करून अंधारात शिरणारी. नाव दिलं 'लुप्त होणारा वंश'. १९०७ साली पहिल्या खंडाबरोबर मोठ्या चित्रांचा जो संच निघाला, त्यात अगदी पहिलं चित्र हेच. निकाल आधी लागला होता. पुढची तेवीस वर्षं आणि एकोणीस खंड साक्षीपुरावे गोळा करण्यात गेले.

माणूस खोटारडा नव्हता. त्यानं मेणाच्या नळकांड्यांवर हजारो गाणी उतरवून घेतली, या कामापायी तो कफल्लक झाला. आणि त्यानं नावं लिहून ठेवली. लिटल प्लूम, यलो किडनी. ही गोष्ट लहान वाटत असेल, तर माझ्याबरोबर आणखी मागे या. लांब नाही, मुंबईतच.

१८६०च्या आसपासचे दिवस. कोलोडियन लावलेली काच चांदीच्या द्रावणातून नुकतीच बाहेर आली आहे. ती ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा. समोर बसलेल्याला काही सेकंद पुतळा व्हावं लागतं. विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरचं मुंबईतल्या जातीजमातींवरचं पुस्तक इथून निघेल: १८६३ साली गुजरात, कच्छ, काठियावाडकडच्या लोकांचा भाग, १८६६ साली महाराष्ट्राचा. छापील पानावर तुम्हाला माणसं दिसतील, मागे मुंबईचा देखावाही दिसेल, पण ती त्या जागी उभीच नव्हती. माणसं वेगळी टिपली, देखावा वेगळा, आणि मग दोन्ही जोडले. चित्राखाली जात, व्यवसाय, समाज. नाव शोधू नका. पागोटं कसं बांधलंय ते कळतं, पण बांधणाऱ्याला घरी काय हाक मारत ते नाही.

आता परत आजच्या काळात या. आषाढी वारी, दिवे घाट. गळ्यात तुमचा कॅमेरा, आणि या खेपेला मदतनीस नाही, फोटोग्राफर तुम्हीच. वळणावर एक आजोबा भेटतात: गोपीचंदनाचा टिळा, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, मागे भरून आलेलं आभाळ. मनातलं चित्र जसंच्या तसं समोर उभं. फक्त डाव्या हातात मोठ्या स्क्रीनचा मोबाइल.

"माउली," तुम्ही अदबीनं म्हणता, "तेवढा मोबाइल जरा पिशवीत टाकता का? फोटो छान येईल."

आजोबा तुमच्याकडे बघतात, मग स्क्रीनकडे.

"थांबा की वाईच, माउली. नातीचा फोन लागलाय. तिला आधी घाट दावतो, मग तुमचं बघू."

आणि ते मोबाइल उंच धरतात. कॅमेरा त्यांनी तुमच्याकडे वळवलाय. पडद्यावरची पोर विचारते, "आबा, ह्ये कोण?"