लढाईतली मलमपट्टी : 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मधील उपचाराचे गणित

टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळल्या जाणाऱ्या भूमिकाप्रधान खेळांचा आद्य नमुना म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जखमी साथीदाराला मंत्राने बरे करणारा 'क्लेरिक' त्यात पहिल्यापासून आहे. गंमत अशी, की अर्नेसन यांच्या डावात हे पात्र अवतरले ते एका डोईजड झालेल्या व्हॅम्पायरला आवर घालण्यासाठी. मूळ नियमांत तर पहिल्या पातळीवरील क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे.

पात्राची तग धरण्याची क्षमता 'हिट पॉइंट'मध्ये मोजतात. मात्र एकच गुण उरलेला योद्धाही पूर्ण ताकदीनिशी लढतो. साऱ्या गुंत्याचे मूळ येथे आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत 'क्युअर वूंड्स' या मंत्राने, एक अठपैलू फासा अधिक मंत्रक्षमतेचे तीन असे धरल्यास, सरासरी साडेसात गुण परत मिळत. त्यासाठी पाळीतली मुख्य कृती खर्ची पडे. समोरच्या 'ओगर' राक्षसाचा सोटा मात्र एका फटक्यात सरासरी १३ गुण नेतो. मग तीच कृती राक्षसाला लोळवण्यात वापरलेली बरी, असा जाणत्या खेळाडूंचा हिशेब असतो.

'हीलिंग वर्ड' हा मंत्र याहून दुबळा, पण ६० फुटांवरून आणि मुख्य कृती न घालवता टाकता येणारा. त्यातून साथीदाराला कोसळू द्यायचे आणि मगच उठवायचे, ही युक्ती रूढ झाली. ती निर्धोक नाही. बेशुद्ध पात्राला दर पाळीला विसपैलू फासा टाकावा लागतो. दहा वा अधिक पडल्यास यश, आणि तीन अपयशे झाली की मृत्यू. पडलेल्यावर शत्रूने जवळून वार केला तर एकदम दोन अपयशे पदरी येतात.

प्रश्न केवळ गणिताचा नाही. इतर भिडू पराक्रम गाजवत असताना दर पाळीला पट्ट्या बांधत बसणे कोणाला रुचेल? २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने क्लेरिकला तयार मंत्राच्या जागी ऐन वेळी उपचाराचा मंत्र वापरण्याची मुभा दिली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तो उपचार करून त्याच पाळीत हल्लाही करू शकत असे. शिवाय प्रत्येक पात्राला स्वतःला सावरण्याची सोय होती.

२०२४ च्या सुधारित नियमांत दोन्ही मंत्रांचे फासे दुप्पट झाले. आता 'क्युअर वूंड्स'ची सरासरी बारा भरते. ओगरच्या सोट्याहून एक गुण कमी.